अवतरणचिन्हांतील ‘अस्पृश्यता’ : घटना समितीच्या चर्चांचा एक धांडोळा

भारतीय राज्यघटनेचे १७ वे कलम परीक्षेच्या दृष्टीने सर्वांत सोपे समजले जाते. अवघ्या दोन वाक्यांचे हे कलम. पहिल्या वाक्यात अस्पृश्यता नष्ट करून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले आहे. दुसऱ्या वाक्यात अस्पृश्यतेपोटी कोणावर कसलीही निःसमर्थता लादणे हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध मानला आहे. (‘निःसमर्थता’ हा शब्द अधिकृत मराठी पाठातला आहे. तो समजण्यासाठी मला इंग्रजी पाठ उघडावा लागला! मार्ग अडविणे, हक्क नाकारणे, असा त्याचा साधा अर्थ.) आपण या कलमावर पाच गुणांची टीप लिहितो आणि पुढल्या कलमाकडे वळतो. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी राज्यशास्त्राच्या सरांनी ‘मूलभूत हक्कांपैकी कोणतेही एक कलम व त्यामागील चर्चा’ असा विषय दिला, तेव्हा मी हे कलम निवडले, ते काहीसे सोपे म्हणून आणि बरेचसे नाशिकची म्हणून. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजासमोरून रोज जाणारीने दुसरे कोणते कलम निवडावे?

निवड केल्यावर मात्र एक प्रश्न समोर उभा राहिला आणि पुढचे चार महिने त्याने पाठ सोडली नाही. या कलमात जी गोष्ट नष्ट केली आहे, तिची व्याख्या कोठेच नाही. राज्यघटनेचे ३६६ वे कलम हे केवळ व्याख्यांचे कलम आहे. तेथे पुष्कळ शब्दांचे अर्थ दिले आहेत, पण अस्पृश्यता या शब्दाचा नाही. १९५५ साली संसदेने अस्पृश्यता (अपराध) कायदा केला, त्यातही नाही. १९७६ साली त्याच कायद्यात मोठा बदल होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. तेव्हाही ही व्याख्या कोणी घातली नाही. ज्या घटनेत ‘राज्य’ म्हणजे काय हेही सांगितले आहे, त्या घटनेत ‘अस्पृश्यता’ म्हणजे काय हे सांगितलेले नसावे, हे विसरणे की ठरवून केलेले मौन? प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम साधनांविषयी थोडे. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली व २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना संमत झाली. समितीने अकरा अधिवेशनांत १६५ दिवस काम केले. त्यांतले ११४ दिवस प्रत्यक्ष मसुद्याच्या विचारात गेले. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या होत्या व त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ही संख्या डॉ. आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिली आहे. या साऱ्या चर्चेचे शब्दशः वृत्त बारा खंडांत छापलेले असून लोकसभा सचिवालयाने त्यांची पुनर्मुद्रणे काढली आहेत. याखेरीज बी. शिवराव यांनी संपादित केलेले ‘घटनेची जडणघडण’ या विषयावरचे इंग्रजी खंड १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाले. त्यांत उपसमित्यांची टिपणे आणि कच्चे मसुदे मिळतात. सभागृहातले वृत्त म्हणजे पंगतीत वाढलेले ताट. शिजताना काय घडले ते शिवरावांच्या खंडांत पाहावे लागते.

माझ्या वर्गबंधूंसाठी एक व्यावहारिक सूचना येथेच करून ठेवते. आज आपण ज्याला कलम १७ म्हणतो ते मसुद्यात कलम ११ होते. आजचे १५ वे कलम तेव्हा ९ वे होते आणि २५ वे कलम १९ वे. आजचा क्रमांक धरून खंडांची सूची पाहिली तर भलत्याच विषयावरची भाषणे हाती येतात. म्हणून प्रथम मसुद्यातील क्रमांक, मग तारीख, मग दुरुस्तीचा क्रमांक, आणि शेवटी ती दुरुस्ती मांडली गेली की नाही, मागे घेतली की फेटाळली, असा क्रम ठेवावा. हिंदीत झालेली भाषणे या खंडांत इंग्रजी अनुवादाच्या रूपाने येतात व तेथे तशी खूण असते. अशा भाषणातील एखाद्या शब्दावर मोठा युक्तिवाद उभा करण्यापूर्वी तो शब्द वक्त्याचा की अनुवादकाचा, हे पाहिलेले बरे.

आता नाशिककडे वळू. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर त्याचे नेते होते व स्थानिक बाजू भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली होती. हजारो सत्याग्रहींची मिरवणूक मंदिरापाशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तेथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. त्यांत स्त्रियाही होत्या. रामनवमीच्या सुमारास रथाच्या प्रश्नावरून दंगल झाली, दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. सत्याग्रह मधूनमधून खंडित होत पुढे काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊरावांना कळविले की, मंदिर प्रवेशाच्या लढ्यात आता शक्ती खर्च करू नये. ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून मी घटना समितीच्या सातव्या खंडातील २९ नोव्हेंबर १९४८ या दिवसाचे वृत्त उघडले. अपेक्षा अशी होती की, काळारामाच्या दारात उभा राहिलेला नेता आता मसुदा समितीचा अध्यक्ष आहे, कायदेमंत्री आहे. त्या दिवशी त्यांचे भाषण कसे झाले असेल! प्रत्यक्षात त्यांचे भाषण नाहीच.

त्या दिवशी डॉ. राजेंद्रप्रसादांऐवजी उपाध्यक्ष डॉ. एच. सी. मुखर्जी अध्यक्षस्थानी होते. बंगालचे सभासद नझिरुद्दीन अहमद यांनी मसुद्याच्या ११ व्या कलमाऐवजी दुसरा पाठ सुचविला. त्यांचा पाठ असा की, धर्माच्या अथवा जातीच्या कारणावरून कोणालाही अस्पृश्य मानले अथवा वागविले जाऊ नये, आणि असे आचरण कायद्याने शिक्षापात्र करता येईल. वरवर पाहता यात वावगे काही नाही; उलट वाक्य अधिक रेखीव आहे. पण दोन फरक लक्षात घ्यावेत. ‘धर्म अथवा जात’ एवढ्यापुरतीच अस्पृश्यता मर्यादित होते, हा एक. दुसरा अधिक महत्त्वाचा : मूळ मसुद्यात हा अपराध ‘आहे’, दुरुस्तीत तो ‘करता येईल’. घटनेने स्वतः निषेध करणे आणि पुढे कोणीतरी करावा अशी मोकळीक ठेवणे यांत जे अंतर आहे, ते काळारामाच्या उंबरठ्याइतकेच आहे. डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती आपण स्वीकारू शकत नाही एवढेच सांगितले.

नंतर भाषणे झाली. मद्रासचे व्ही. आय. मुनिस्वामी पिल्ले बोलले, बंगालचे डॉ. मनमोहन दास बोलले. दाक्षायणी वेलायुधन यांचे भाषण मला सर्वांत मोलाचे वाटले. घटना समितीतील दलित समाजाच्या त्या एकमेव स्त्री सभासद. वय अवघे ३६. कलमाचे स्वागत करतानाच त्यांनी सांगितले की, या कलमाचे यश कायद्याच्या अंमलबजावणीपेक्षा लोक पुढे कसे वागतात यावर ठरेल. केंद्राने आणि प्रांतांनी त्यासाठी प्रचार करावा. वेळ संपल्याची जाणीव उपाध्यक्षांनी त्यांना करून दिली आणि आपण स्त्री आहात म्हणूनच बोलू देत आहे, असेही म्हटले. त्या काळातील सौजन्य ते. पण आज वाचताना ते वाक्य जरा खटकतेच.

शेवटी प्रा. के. टी. शहा उठले. शहा हे सभागृहातील न थकणारे दुरुस्तीकार. त्यांच्या बहुतेक सूचना फेटाळल्या गेल्या, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत ते दिसत नाहीत. त्यांनी मुद्दा काढला तो नेमका आमचाच : अस्पृश्यता या शब्दाची व्याख्या कोठे आहे? विशिष्ट दिवसांत स्त्रियांना शिवत नाहीत. कोणाच्या घरी मर्तिक झाले तर त्या माणसांनाही काही काळ शिवत नाहीत. मग तेही या कलमात येणार काय? येऊ द्यायचे नसेल तर शब्द स्पष्ट करावा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे सोवळे-ओवळे, सुतक, ‘बाहेर बसणे’ यांत वाढलेल्या कोणालाही हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. उपाध्यक्षांनी डॉ. आंबेडकरांना विचारले, उत्तर द्यायचे आहे काय? त्यांनी नकार दिला. अहमद यांची दुरुस्ती फेटाळली गेली, मूळ कलम संमत झाले, आणि सभागृहात ‘महात्मा गांधी की जय’ अशी घोषणा झाल्याची नोंद वृत्तात आहे.

एका शब्दाचा नकार. त्याचा अर्थ काय लावायचा?

सोपी उत्तरे बरीच आहेत. वेळ थोडा होता, हे एक. सभागृह एकमताने अनुकूल असताना वाद वाढवू नये, असे धोरण असेल, हे दुसरे. मंदिराचा प्रश्न त्यांनी १९३४ सालीच मागे टाकला होता व १९३५ नंतर हिंदू समाजाने त्यांना दार उघडावे ही अपेक्षाच त्यांनी सोडली होती, म्हणून ते बोलले नाहीत, हे तिसरे उत्तर. नाशिककरांना ते भावेल, मलाही प्रथम तेच भावले. परंतु ही सारी उत्तरे अंदाजाची आहेत. माणसाच्या मनात काय होते हे मौनावरून सांगणे कादंबरीकाराला शोभते, अभ्यासकाला नाही.

म्हणून मी त्याच दिवसाचे वृत्त पुन्हा वाचले, यावेळी मागची पाने. त्याच २९ नोव्हेंबरला मसुद्याच्या ९ व्या कलमावरही चर्चा झाली होती. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांत भेदभाव नको, असे ते कलम. तेथे मद्रासचे एस. नागप्पा यांनी विचारले की, ‘दुकान’ या शब्दात धोब्याचे, न्हाव्याचे दुकान येते की नाही? या प्रश्नाला मात्र डॉ. आंबेडकरांनी सविस्तर उत्तर दिले. दुकान हा शब्द येथे केवळ आत पाऊल टाकण्याच्या मर्यादित अर्थाने नाही, तर जो कोणी मोबदला घेऊन आपली सेवा देऊ करतो त्या सर्वांना लागू होईल इतक्या व्यापक अर्थाने योजला आहे, असे ते म्हणाले. सार्वजनिक जागांत दफनभूमी येते काय, या प्रश्नालाही त्यांनी थोड्या विनोदाने, पण ठाम उत्तर दिले : सार्वजनिक पैशाने चालणारी दफनभूमी असेल तर तेथेही हक्क आहेच. म्हणजे त्या दिवशी ते गप्प नव्हते, घाईत नव्हते, आणि शब्दांच्या अर्थाविषयी बोलायला त्यांची ना नव्हती. ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस ‘अस्पृश्यता’ या शब्दाचा अर्थ सांगत नाही! वेळेचे कारण येथे गळून पडते.

(जाता जाता : मसुद्याच्या ९ व्या कलमात स्नानाचे घाट नव्हते. आजच्या १५ व्या कलमात विहिरी आणि तलावांच्या जोडीला ते आहेत. गोदाकाठी राहणाऱ्यांनी हा एक शब्द आवर्जून पाहावा.)

खरे उत्तर मला मिळाले ते सातव्या खंडात नव्हे, तिसऱ्या खंडात. बरोबर एकोणीस महिने आधीच्या, २९ एप्रिल १९४७ च्या वृत्तात. त्या दिवशी सरदार पटेलांनी मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल सभागृहापुढे ठेवला होता आणि अस्पृश्यतेचे कलम तेथे सहाव्या क्रमांकावर होते. तेव्हा देशाची फाळणी जाहीर व्हायची होती, मसुदा समिती जन्मली नव्हती, आणि डॉ. आंबेडकर बंगालमधून निवडून आलेले सभासद होते. (फाळणीत ती जागा गेली, मग बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या मुंबई प्रांताच्या जागेवर ते जुलै १९४७ मध्ये निवडून आले.) व्याख्येचा प्रश्न त्या दिवशी पुरता उकलला गेला होता. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी व्याख्याच लिहून आणली होती : धर्म, जात किंवा कायदेशीर व्यवसाय यांच्या कारणावरून केलेली भेदभावाची कोणतीही कृती म्हणजे अस्पृश्यता. बंगालचे एस. सी. बॅनर्जी म्हणाले, गेली पंचवीस वर्षे आपण हा शब्द वापरतो आहोत, तरी गोंधळ कायम आहे; कधी त्याचा अर्थ पेलाभर पाणी घेणे, कधी मंदिर प्रवेश, कधी सहभोजन, तर कधी मिश्रविवाह. बंगालचेच प्रमथरंजन ठाकूर त्याहूनही पुढे गेले. जातिसंस्था हा रोग आहे आणि अस्पृश्यता हे त्याचे केवळ लक्षण. रोग ठेवून लक्षण कसे नष्ट करणार, असा त्यांचा सवाल होता. माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत टोकदार वाक्य हेच.

चौधरींच्या व्याख्येला कन्हैयालाल मुन्शींनी विरोध केला. त्यांचे म्हणणे दोन भागांत आहे. एक, ही व्याख्या स्वीकारली तर जन्मस्थान, जात, इतकेच काय स्त्री-पुरुष असा कोणताही भेद अस्पृश्यतेच्या सदरात जाईल. दोन, आणि येथे माझ्या प्रश्नाची गाठ सुटली, कलमात हा शब्द मुद्दाम अवतरणचिन्हांत घातला आहे. तो ज्या अर्थाने सामान्यतः समजला जातो त्या अर्थाने त्याचा विचार करण्याची आणि व्याख्या करण्याची मोकळीक पुढे केंद्रीय विधिमंडळाला राहावी, हा त्यामागील हेतू. घटनेची प्रत हाती घेऊन पाहावे : आजही १७ व्या कलमात हा शब्द दोन्ही वेळा अवतरणचिन्हांत आहे. मी ही चिन्हे कितीदा तरी पाहिली होती आणि छपाईची सवय समजून सोडून दिली होती. आपण सगळेच तसे करतो.

तेव्हा १९४८ च्या मौनाचा एक भाग असा उलगडतो. प्रश्न नवा नव्हता. तो एकदा विचारला गेला होता, मतास टाकला गेला होता आणि व्याख्या नको असे ठरले होते. मसुदा समितीच्या अध्यक्षाने तो पुन्हा उकरला नाही.

परंतु येथे थांबले तर अर्धेच सत्य हाती येईल. शिवरावांच्या खंडांत उपसमितीपुढील कच्चे मसुदे आहेत. मार्च १९४७ मध्ये मुन्शींनी दिलेल्या मसुद्यात अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे व तिचे आचरण शिक्षापात्र आहे, अशा आशयाचे कलम होते. आजच्या कलमाचा सांगाडा तोच. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे जे निवेदन तयार केले, त्यातील शब्द वेगळे आहेत : दर्जा, जन्म, घराणे, धर्म किंवा धार्मिक रूढी यांतून निर्माण होणारा कोणताही विशेषाधिकार अथवा कोणतीही निःसमर्थता नष्ट करण्यात येत आहे. या वाक्यात ‘अस्पृश्यता’ हा शब्दच नाही! एका बाजूला खाली दडपलेल्यांची निःसमर्थता आणि दुसऱ्या बाजूला वर बसलेल्यांचा विशेषाधिकार, दोन्हींवर एकदम घाव आहे. ठाकूर ज्याला रोग म्हणतात त्याच्या हे अधिक जवळ आहे. प्रत्यक्ष घटनेत मुन्शींच्या वळणाचे वाक्य आले. आपण १७ व्या कलमाला सहजपणे ‘बाबासाहेबांचे कलम’ म्हणतो, ते भावनेने योग्य असले तरी शब्दांच्या इतिहासात तसे नाही. आणि आपल्या वाक्याऐवजी दुसऱ्याचे वाक्य आलेल्या माणसाने त्या वाक्यातील शब्दाची व्याख्या करायला उत्सुक असू नये, यात नवल वाटत नाही. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. वाचकांनी त्याला तेवढेच वजन द्यावे.

पुढे काय झाले तेही थोडक्यात पाहू, कारण चर्चेतील रिकाम्या जागेचा खरा हिशेब नंतरच लागतो. घटना अमलात आली २६ जानेवारी १९५०. घटनेच्या ३५ व्या कलमाने शिक्षेचा कायदा करण्याचे काम संसदेवर सोपविले आणि तोपर्यंत जुने प्रांतिक कायदे चालू ठेवले. मुंबई प्रांतात १९४७ चा हरिजन मंदिर प्रवेश कायदा होता. संसदेचा कायदा १ जून १९५५ रोजी लागू झाला. मुन्शींनी ज्या विधिमंडळावर व्याख्या सोपविली होती, त्यानेही व्याख्या केली नाही. त्याऐवजी कृत्यांची यादी केली : मंदिर, पाणवठा, दुकान, दवाखाना नाकारणे वगैरे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एक शहाणपणाची तरतूद केली : असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. व्याख्येची अडचण पुराव्याच्या नियमाने ओलांडली, असे म्हणता येईल.

तरी शब्द न्यायालयात गेलाच. १९५८ साली म्हैसूर उच्च न्यायालयापुढे जैन समाजातील बहिष्काराचे प्रकरण आले. तेव्हा न्यायालयाने याच अवतरणचिन्हांवर बोट ठेवले आणि सांगितले की, येथे शब्दाचा व्याकरणातला अर्थ घ्यायचा नाही, तर या देशात ऐतिहासिक रीतीने वाढलेली जी रूढी तीच अभिप्रेत आहे. म्हणून कोणताही सामाजिक बहिष्कार म्हणजे अस्पृश्यता नव्हे. साठ वर्षांनी, २०१८ साली, शबरीमला प्रकरणात न्या. चंद्रचूड यांनी त्याच चर्चांतून नेमका उलट अर्थ काढला : व्याख्येच्या दुरुस्त्या आल्या आणि त्या नाकारल्या गेल्या, यावरून घटनाकारांना हा शब्द मोकळाच ठेवायचा होता, तेव्हा शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेवरून स्त्रीला दूर ठेवणे हेही त्यात येऊ शकते. त्याच खटल्यात न्या. इंदू मल्होत्रा यांनी भिन्नमत दिले आणि १७ वे कलम जातीवर आधारलेल्या अस्पृश्यतेपुरतेच आहे असे म्हटले. प्रा. शहांनी १९४८ साली विचारलेला आणि उत्तर न मिळालेला प्रश्न सत्तर वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उभा राहिला, तो असा.

या दोन वाचनांपैकी बरोबर कोणते, हे पदवीच्या विद्यार्थिनीने ठरविणे धाडसाचे होईल; पण चर्चा काय सांगतात एवढे सांगता येते. शब्द मोकळा ठेवला होता, याला मुन्शींचा स्पष्ट आधार आहे. मात्र तो कोणासाठी मोकळा ठेवला, तर विधिमंडळासाठी. आणि कोणत्या अर्थाच्या मर्यादेत, तर सामान्यतः समजल्या जाणाऱ्या. शिवाय स्त्री-पुरुष भेद यात ओढला जाईल ही मुन्शींची हरकतच होती. न्या. चंद्रचूड यांचा निष्कर्ष न्यायाच्या दृष्टीने मला पटतो. पण तो २९ एप्रिल १९४७ च्या वृत्तातून सरळ निघत नाही. त्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या मार्च १९४७ च्या निवेदनाकडे जावे लागते, आणि सभागृहाने ती शब्दरचना घेतली नव्हती.

मंदिरांचा प्रश्न १७ व्या कलमाच्या जोडीने २५ व्या कलमात आहे. मसुद्याच्या १९ व्या कलमात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या ‘कोणत्याही’ वर्गाला खुल्या करण्याविषयी कायदा करता येईल, असे होते. अंतिम पाठात ‘सर्व’ वर्गांना असे आले. शब्द लहान, फरक मोठा : ‘कोणत्याही’मध्ये एकेका वर्गासाठी एकेक कायदा करण्याला वाव होता. १९५७ साली दक्षिण कन्नड भागातील मुल्की येथील व्यंकटरमण देवस्थानाच्या खटल्यात गौड सारस्वत ब्राह्मणांनी हे आमच्या पंथाचे मंदिर आहे असा दावा केला. पंथाचा हक्क मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाचा हक्क श्रेष्ठ ठरविला आणि पंथासाठी केवळ काही विधी राखून ठेवू दिले. १९३० सालच्या मार्च महिन्यात गोदावरीच्या घाटावर जमलेल्या लोकांना जे हवे होते, ते कायद्याच्या भाषेत इतक्या वळणांनी आले.

शेवटी या साधनाच्या एका मर्यादेकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. सभागृहात बहुतेक निर्णय आवाजी मताने झाले. ठराव संमत झाला एवढेच छापलेले असते, कोण कोणत्या बाजूला होते हे नसते. त्यातच अनेक महत्त्वाच्या कलमांवर काँग्रेस पक्षाच्या बैठकीत आधी खल होत असे, ही गोष्ट ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविली आहे. त्या बैठकींचे शब्दशः वृत्त या खंडांत नाही. त्यामुळे घटना समितीत ‘कोणीच विरोध केला नाही’ असे वाक्य लिहिताना ‘छापील वृत्तात’ हे दोन शब्द जोडावेत.

माझ्या प्रकल्पाचा पुढचा भाग अद्याप व्हायचा आहे. अस्पृश्यता अपराध विधेयक १९५४ साली लोकसभेत मांडले गेले आणि पुढील वर्षी संमत झाले. व्याख्या करण्याची मोकळीक ज्या सभागृहाला दिली होती, त्या सभागृहात कोणी मुन्शींच्या त्या उत्तराची आठवण दिली काय, हे पाहण्यासाठी त्या दोन वर्षांचे कामकाज वाचायला घेतले आहे. दुपारच्या वेळी ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर ते खंड पडलेले असतात. कोणाला सोबत वाचायचे असेल तर जरूर यावे.